जेम्सटाउन, 1609-10: पीठ तीन महिन्यांचं, पीक दहा महिन्यांवर

1609 च्या शरदात व्हर्जिनियातल्या जेम्सटाउन किल्ल्यात कॅप्टन डॅनियल टकरने कोठारातलं पीठ मोजलं. माणशी रोज अर्धा डबा पीठ दिलं, तर साठा तीन महिने पुरणार होता. टकरने पुढे तो काटकसरीने चार महिन्यांपर्यंत ताणला. पण पुढचं मक्याचं पीक हाती यायला दहा महिने होते, आणि इंग्लंडहून नवं जहाज वसंताआधी येण्याची आशा नव्हती. पुढच्या मे महिन्यात किल्ल्याचं दार उघडलं तेव्हा आत सुमारे 60 माणसं जिवंत होती. हिवाळ्याच्या तोंडाला ती 300 च्या आसपास होती.

अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींच्या इतिहासात हा काळ 'उपासमारीचा हिवाळा' म्हणून ओळखला जातो. शाळेच्या पुस्तकांत त्याचं कारण एका ओळीत उरकतात: आळशी जंटलमन (खानदानी) लोक होते, हाताला काम नको होतं, म्हणून मेले. ही ओळ फार अपुरी आहे. अन्न कुठून येणार होतं, प्रत्येक वाट कधी आणि कशी बंद झाली, हे क्रमाने पाहिलं की मरणाचं कारण माणसांच्या स्वभावात कमी आणि वसाहतीच्या मांडणीत जास्त सापडतं. (पुढच्या तारखा त्या वेळच्या इंग्लंडच्या जुन्या पंचांगाप्रमाणे आहेत. आजच्या पंचांगापेक्षा त्या दहा दिवस मागे पडतात.)

जागा निवडतानाच

एप्रिल 1606 मध्ये राजा पहिला जेम्स याने व्हर्जिनियात वसाहत करण्याची सनद दिली. लंडनच्या कंपनीने भागभांडवल उभं केलं आणि डिसेंबर 1606 मध्ये तीन गलबतं निघाली: 120 टनी सुसान कॉन्स्टंट, 40 टनी गॉडस्पीड आणि 20 टनी डिस्कव्हरी. 1607 च्या मे महिन्याच्या मध्याला 104 पुरुष आणि मुलगे जेम्स नदीच्या काठावर उतरले.

कंपनीने लेखी सूचना दिल्या होत्या. त्यात स्पष्ट म्हटलं होतं की सखल आणि ओलसर जागी वस्ती करू नका, ती आरोग्याला बाधेल. दाट झाडी टाळा, असंही होतं. निवडलेली जागा सखल, दलदलीला लागून आणि झाडीने वेढलेली होती. तरीही ती निवडण्यामागे ठोस कारण होतं. तिथे नदीचं पात्र काठाशीच इतकं खोल होतं की गलबत थेट झाडाला बांधता येत होतं. स्पॅनिश जहाजं आली तरी ही जागा नदीमुखापासून लांब होती, आणि तीन बाजूंना पाणी असल्याने जमिनीवरून हल्ला करायला एकच अरुंद वाट उरत होती. जागा लढाईसाठी निवडली गेली, राहण्यासाठी नव्हे.

मे अखेरीस मूळ रहिवाशांनी हल्ला केल्यावर जूनच्या मध्यापर्यंत लाकडी ओंडके जमिनीत उभे रोवून त्रिकोणी कूड उभारला गेला. नदीकडची बाजू 420 फूट, बाकीच्या दोन 300 फूट. आतलं क्षेत्रफळ काढलं तर जेमतेम एक एकर भरतं. एका एकरात घरं, कोठार, चर्च, पहारा आणि माणसं. शेत, चराई, मासेमारी, लाकूडफाटा हे सगळं कुडाबाहेर. पुढच्या सगळ्या प्रकरणात ही एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवावी लागते.

पाणी

कोकणातल्या खाडीकाठच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. जेम्सटाउनजवळ नदीला भरती-ओहोटी आहे. पावसाळी महिन्यांत वरून गोडं पाणी जोराने येतं आणि खारं पाणी खाली ढकललं जातं. उन्हाळ्यात वरचा प्रवाह मंदावला की खारं पाणी नदीत वर चढतं आणि काठाशी मचूळ पाणी साचून राहतं. त्यात वस्तीची घाण पडली की ती वाहून जात नाही, भरतीबरोबर पुढेमागे डुलत राहते.

पहिल्या उन्हाळ्यात तिथे विहीर नव्हती. जॉर्ज पर्सी या रहिवाशाने लिहून ठेवलं आहे की ते नदीचंच पाणी पीत. भरतीला ते फार खारट असे आणि ओहोटीला गाळाने, घाणीने भरलेलं. सूज, हगवण आणि ताप यांनी माणसं जात होती, अशी त्याची नोंद आहे. ही लक्षणं मिठाचं पाणी सतत पोटात जाणं, आमांश आणि विषमज्वर यांच्याशी जुळतात. गहू आणि जव माणशी अर्धा-अर्धा पाइंट मिळे, तोही गलबताच्या पोटात 26 आठवडे पडून किडलेला. दोन्ही मिळून साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास धान्य, म्हणजे दिवसाला 1200 कॅलरी. एवढ्यावर उन्हात ओंडके ओढायचे. जानेवारी 1608 मध्ये 104 पैकी 38 उरले होते.

आळसाचा ठपका इथे तपासून पाहावा. पहिल्या तुकडीत निम्म्याच्या आसपास जंटलमन होते, सुतार चारच, मजूर डझनभर, हे खरं. पण खारं पाणी पिणारा, अर्धपोटी, हगवणीने खंगलेला माणूस बसूनच राहतो. बघणाऱ्याला तो आळशी दिसतो. दुष्काळी कामांवर माणसं पाहिलेल्या कुणालाही ही सुस्ती ओळखता येईल. ती भुकेची खूण आहे.

1609 च्या सुरुवातीला वसाहतीचा अध्यक्ष जॉन स्मिथ याने किल्ल्यात विहीर खोदून घेतली. तिचं पाणी सुरुवातीला गोड लागलं. पण पुढच्याच वर्षी वसाहतीचा चिटणीस विल्यम स्ट्रेची नोंदवतो की नदीचं मचूळ पाणी विहिरीत झिरपतं आहे आणि रोगराईचं एक कारण तेच आहे. किल्ल्यातल्या जुन्या विहिरीत टाकलेल्या कालवांच्या शिंपल्यांचा अलीकडे अभ्यास झाला, तेव्हा त्या काळी नदी आजच्यापेक्षा बरीच जास्त खारी होती हे दिसून आलं.

ती तशी का होती, याचं उत्तर झाडांनी दिलं. त्या भागातल्या बॉल्ड सायप्रस या दीर्घायुषी झाडांची वार्षिक वलयं 1998 मध्ये मोजली गेली. 1606 ते 1612 ही सात वर्षं जवळजवळ 770 वर्षांतली सर्वांत कोरडी सात वर्षं निघाली. कंपनीला हे कळण्याचा काही मार्ग नव्हता. जहाजं निघाली तीच दुष्काळात.

अन्नाच्या तीन वाटा

वसाहतीचं धान्य तीन वाटांनी येणार होतं: इंग्लंडची जहाजं, मूळ रहिवाशांशी व्यापार आणि स्वतःचं शेत. तिन्ही वाटा कागदावर चांगल्या दिसत.

व्यापाराची वाट आधी घेऊ, कारण प्रत्यक्षात पहिली दोन वर्षं वसाहत तिच्यावरच जगली. हा सगळा प्रदेश म्हणजे त्सेनाकोमाका. तीसेक जमातींचा हा संघ, लोकसंख्या साधारण 14,000 ते 15,000, आणि त्यांचा प्रमुख वाहुनसेनाकॉ. इंग्रज त्याला पाउहाटन म्हणत. मक्याची शेती बायकांच्या हाती होती. चार-चार फुटांवर खड्डा करायचा, त्यात मक्याचे चार दाणे आणि घेवड्याचे दोन टाकायचे, पेरणी मुख्यतः एप्रिल-मे महिन्यांत, काढणी ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत. मका वर्षभर पुरत नसे. वसंतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला कुटुंबं मासे, कालवं, कंदमुळं, शिकार यांच्यासाठी पांगत. म्हणजे ज्यांच्याकडून धान्य घ्यायचं, त्यांचं स्वतःचंच वर्ष मक्यावर पूर्ण होत नव्हतं, आणि वर दुष्काळ.

तरी ते तांब्याच्या बदल्यात मका देत होते. तांबं त्यांच्यात मानाचं होतं, मोजकं होतं, आणि प्रमुखांच्या हातून वाटलं जाई. इथे वसाहतीने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. 1608 मध्ये जहाजं आली की खलाशी रात्री चोरून स्वतःचं तांबं विकत. स्मिथची तक्रार आहे की आधी एका औंसाला जे मिळे, ते नंतर एका पौंडाला मिळेना. सोळा पट भाव. किल्ल्याच्या उत्खननात तांब्याच्या पत्र्याचे हजारो कातरलेले तुकडे सापडले आहेत. पत्रा कापून चलन पाडावं तसा तो वापरला जात होता, आणि जास्त पाडलेल्या चलनाचं जे होतं तेच त्याचं झालं.

जिथे तांबं चालेना तिथे स्मिथने बंदूक रोखून मका घेतला. त्यातून वसाहत 1608-09 चा हिवाळा जगली, पण वाहुनसेनाकॉने आपलं मुख्य गाव वेरोवोकोमोको सोडलं आणि इंग्रजांपासून दूर आत, ओरापॅक्सला मुक्काम हलवला. हे वसाहतीला पुढे फार महाग पडलं.

आता शेत. 1609 च्या वसंतात 30-40 एकर जमीन खणून मका लावला गेला. लावणी कशी करायची हे शिकवलं ते बेड्या घातलेल्या दोन कैद्यांनी, केम्प्स आणि टॅसोर. त्याच सुमारास कोठारातली पिपं उघडली, तर निम्मा मका सडलेला निघाला आणि उरलेला हजारो उंदरांनी खाल्लेला. उंदीर जहाजांतून आलेले होते. दमट हवेत धान्य लाकडी पिपात भरून झाकून ठेवलं की आतल्या आत वाफ धरते. आपल्याकडे धान्य खडखडीत वाळल्याशिवाय कणगीत का घालत नाहीत, ते यावरून कळावं. कोठाराच्या व्यवस्थेतल्या या एका चुकीने महिन्यांचा शिधा गेला.

त्यावर स्मिथने जे केलं ते या सगळ्या काळातलं शहाणपणाचं पाऊल होतं. त्याने माणसं पांगवली. साठ-ऐंशी जण खाली कालवांच्या खडकांवर, वीसेक जण नदीमुखाशी पॉइंट कम्फर्टला मासेमारीला, तेवढेच वर धबधब्याच्या बाजूला. कालवांवर जगणाऱ्यांच्या अंगाची सालं निघाली, पण जीव वाचले. मूळ रहिवासी दर वर्षी त्या ऋतूत जसे पांगत, तसंच हे होतं. उन्हाळ्यात नदीत स्टर्जन हा मोठा मासा इतका येई की माणसांनी आणि कुत्र्यांनी खाऊन संपत नसे. तो वाळवून, कुटून, चुका आणि रानपाल्यात मिसळून त्याची भाकरी केली जाई. दलदलीतल्या कंदाचीही भाकरी होई.

त्या कंदाविषयी थोडं सांगायला हवं. टकाहो नावाचा हा दलदलीतला कंद आपल्या अळूच्या आणि सुरणाच्या कुळातला. कच्चा खाल्ला तर घसा खाजून हैराण करतो, कारण त्यात तेच सुईसारखे ऑक्झलेटचे कण असतात. त्सेनाकोमाकातल्या बायका तो खड्ड्यात विस्तवाखाली पुरून दिवसभर भाजत. स्मिथने लिहिलं आहे की तो कापून उन्हात वाळवून आंबट चुक्यासारखा पाला आणि पीठ घालून खाल्ला नाही तर घशाला टोचतो. अळूच्या फदफद्यात आंबट चुका किंवा चिंच घालणाऱ्या घराला यात नवल वाटणार नाही. पण सरपण, वेळ, हाताची सवय आणि दलदलीत निर्धास्तपणे खणता येणं, या चारही गोष्टी लागतात. हिवाळ्यात किल्ल्यातल्या माणसांकडे यातली एकही उरली नाही.

ऑगस्टमध्ये आलेली तोंडं

मे 1609 मध्ये कंपनीला नवी सनद मिळाली, आणि जूनमध्ये नऊ जहाजांचा ताफा 500 हून अधिक माणसं घेऊन प्लिमथहून निघाला. नवा गव्हर्नर सर थॉमस गेट्स, ताफ्याचा प्रमुख सर जॉर्ज सोमर्स आणि कप्तान क्रिस्टोफर न्यूपोर्ट हे तिघेही एकाच जहाजात, सी व्हेंचरमध्ये बसले. मान कोणाचा मोठा यावर एकमत न झाल्याने तिघे एकत्र बसले, असं स्मिथ सांगतो. कारण काही असो, तिन्ही अधिकारी आणि अधिकारपत्रं एका जहाजात घालणं ही चूकच होती. 24 जुलैला वादळाने ताफा फोडला आणि 28 जुलैला सी व्हेंचर बर्म्युडाच्या खडकात अडकलं. त्यावरचे 150 जण वाचले, पण बाकी जगाला ते मेल्यातच जमा होते.

उरलेल्यांतली बहुतेक जहाजं ऑगस्टमध्ये जेम्सटाउनला लागली. त्यांतून शेकडो माणसं उतरली, त्यात बायका आणि मुलंही होती. शिधा समुद्राच्या पाण्याने भिजून नासलेला. अनेक जण आजारी. जुना अध्यक्ष स्मिथ आहे, पण नव्या सनदेने त्याचं पद संपलेलं; नवा गव्हर्नर बेपत्ता. हुकूम कोणाचा मानायचा हे कोणालाच ठरवता येईना.

माझ्या मते हा या प्रकरणाचा कणा आहे. ऑगस्टमध्ये उतरलेल्या माणसाला पेरता येत नाही. त्याचं पहिलं पीक पुढच्या ऑगस्टात. म्हणजे त्याने सोबत पूर्ण वर्षाचं धान्य आणायला हवं. काम करणारा माणूस नुसत्या धान्यावर जगवायचा तर रोज 700 ग्रॅम धरा. 300 माणसं, नोव्हेंबर ते मे मिळून 200 दिवस: 42,000 किलो. बेचाळीस टन. कोठारात याच्या निम्मंही धान्य नव्हतं, आणि होतं तेही अर्ध्या डब्याच्या मापाने.

स्मिथने जाताना मागे ठेवलेल्या गोष्टींची यादी दिली आहे: 490 च्या वर माणसं, दहा आठवड्यांचा शिधा, तीन जहाजं, सात होड्या, 300 बंदुका, सहा घोड्या आणि एक घोडा, पाच-सहाशे डुकरं, तेवढ्याच कोंबड्या. त्यात त्याने आपली बाजू राखली आहे हे गृहीत धरू. तरी त्याच्या स्वतःच्याच यादीत शिधा दहा आठवड्यांचा आहे. टकरचं मोजमाप आणि स्मिथची फुशारकी, दोन्ही एकाच जागी येऊन थांबतात.

वाटा एकेक करून बंद

स्मिथने जाण्याआधी पुन्हा माणसं पांगवण्याचा प्रयत्न केला. फ्रान्सिस वेस्टला वर धबधब्याकडे, जॉन मार्टिन आणि पर्सीला नॅन्समंड जमातीच्या मुलखाकडे. पण वसंतातलं पांगणं वेगळं होतं आणि हे वेगळं. शंभर-शंभर हत्यारबंद माणसं वसलेल्या गावांवर जाऊन बसली, घरं जाळली, मका लुटला. दोन्ही ठिकाणी मारामाऱ्या झाल्या आणि उरलेले पळत किल्ल्यात परतले. नॅन्समंडजवळ धान्य मागायला गेलेले काही जण मेलेले सापडले, तेव्हा त्यांच्या तोंडात भाकरी कोंबलेली होती. पर्सीने त्याचा अर्थ बरोबर लावला: इथे अन्नासाठी याल तर हेच मिळेल.

सप्टेंबरमध्ये होडीत झोपलेल्या स्मिथच्या बंदुकीच्या दारूच्या पिशवीने पेट घेतला, तो भाजला आणि ऑक्टोबरमध्ये इंग्लंडला गेला. अध्यक्षपद आजारी पर्सीकडे आलं. त्याने जॉन रॅटक्लिफला 50 माणसांसह वाहुनसेनाकॉकडे मक्याच्या व्यापाराला पाठवलं. सावधगिरी न बाळगता माणसं घराघरांत विखुरली. परत आले 16. रॅटक्लिफला हाल करून मारलं.

मग पर्सीने वेस्टला 36 माणसांसह मोठ्या होडीने उत्तरेला पटोमॅक जमातीकडे पाठवलं. तिथले लोक वाहुनसेनाकॉच्या शब्दात नव्हते. होडी मक्याने भरली, पण तिथेही इंग्रजांनी दोघांची मुंडकी उडवली. परतताना नदीमुखाच्या ठाण्यावरून जेम्स डेव्हिसने हाक दिली की जेम्सटाउनात माणसं भुकेने मरताहेत, घाई करा. वेस्टच्या माणसांनी शिडं उभारली आणि सरळ इंग्लंडची वाट धरली. मका गेला, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे समुद्रात चालणारी होडी गेली.

नोव्हेंबरपासून वाहुनसेनाकॉने किल्ल्याला वेढा घातला. तोफा असलेल्या कुडावर धडका मारण्यात त्याला रस नव्हता. कुडाबाहेर पडेल त्याला मारायचं, एवढंच. हॉग आयलंडवर सोडलेली डुकरं त्याच्या लोकांनी मारून टाकली. एक एकराच्या त्या त्रिकोणात माणसं अडकली. चराई नाही, कंद नाहीत, सरपणासाठी घरंच मोडून जाळावी लागत होती.

नदी तर समोरच होती, मग मासे का नाहीत? स्टर्जन हिवाळ्यात येत नाही. कालवांपर्यंत जायला होड्या हव्यात, त्या गेलेल्या किंवा निकामी. आणि जाळी? कंपनीने 1610 मध्ये वसाहतीवर ठेवलेला ठपका असा होता: होती नव्हती ती चौदा जाळी न वाळवल्याने, न तुणल्याने कुजून गेली. तागाचं जाळं ओलं गुंडाळून ठेवलं की काही दिवसांत कुजतं. कुठल्याही कोळीवाड्यात लहान पोरालाही माहीत असलेली गोष्ट. पण आजारी, उपाशी माणसांत जाळी वाळवायची कोणी आणि कोणासाठी?

तळघर

पर्सीच्या वृत्तांतात क्रम दिला आहे. आधी घोडे. मग कुत्री, मांजरं, उंदीर. मग बुटांचं आणि कातड्याचं चामडं.  बाहेर रानात साप आणि मुळं शोधायला गेलेले मारले गेले. त्यानंतर पुरलेली प्रेतं उकरून खाल्ली गेली. एकाने आपल्या गरोदर बायकोला मारून, तुकडे करून, मीठ लावून ठेवलं. पर्सीने त्याला अंगठ्यांनी टांगून, पायाला वजनं बांधून कबुली घेतली आणि देहदंड दिला.

बरीच वर्षं काही अभ्यासक या नोंदींकडे अतिशयोक्ती म्हणून पाहत. 1994 पासून विल्यम केल्सो यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन सुरू झालं आणि नदीने गिळला असं मानलेला किल्ला जागेवर सापडला. 2012 मध्ये त्यातल्या एका तळघराच्या भरावात, घोड्याच्या आणि कुत्र्याच्या कापलेल्या हाडांमध्ये, एका माणसाची कवटी, जबडा आणि पायाचं हाड मिळालं. स्मिथसोनियनचे डग्लस ओस्ली यांनी ते तपासलं. साधारण 14 वर्षांची इंग्रज मुलगी. संशोधकांनी तिला 'जेन' हे नाव दिलं.

तिच्या कपाळावर चार उथळ वार आहेत, एकाशेजारी एक. कवटी फुटलेली नाही. हात कचरला असावा. मग डोकं उलटं करून मागून मारलेले घाव खोल आहेत, त्यांनी कवटी उघडली. जबड्यावर सुरीच्या टोकाच्या बारीक खुणा, मांस सोडवताना झालेल्या. हे सगळं तिच्या मृत्यूनंतरचं. खाटकाच्या हाताची सफाई त्यात कुठेही नाही. ती कशाने मेली ते हाडं सांगत नाहीत. 1609 च्या ताफ्यातून आली असेल तर तिला अमेरिकेत जेमतेम काही महिने मिळाले.

साठ किलोमीटरवर खेकडे

मे 1610 मध्ये पर्सी नदीमुखाच्या ठाण्यावर, अल्गर्नन किल्ल्यात पोचला, तेव्हा तिथली तीसेक माणसं धडधाकट होती. त्यांच्याकडे खेकडे इतके होते की ते डुकरांना घालत होते. पर्सी भडकला आणि त्याचा राग रास्त होता. जेम्सटाउनपासून हे ठाणं नदीने साठेक किलोमीटर. अन्न तिथे होतं. ते वर नेण्यासाठी किंवा माणसं खाली आणण्यासाठी होडी आणि हुकूम लागत होता. किल्ला सोडून नदीमुखाशी येणं हा पर्याय सहा महिने आधी कोणीही ठामपणे घेतला नाही.

बर्म्युडात अडकलेल्यांची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहावी. त्याच दहा महिन्यांत ते 150 जण रानडुकरं, कासवं, मासे, पक्षी खाऊन राहिले आणि सी व्हेंचरचं सामान व तिथलं सीडर लाकूड वापरून त्यांनी डिलिव्हरन्स आणि पेशन्स ही दोन जहाजं बांधली. तिथे वेढा नव्हता, कूड नव्हता, लुटायला कोणाचा मका नव्हता. मेच्या चौथ्या आठवड्यात ते जेम्सटाउनला पोचले, तेव्हा कुडाचे ओंडके उपटलेले होते, दारं बिजागऱ्यांवरून निखळली होती.

गेट्सने साठा मोजला. सगळ्यांना मिळून जेमतेम दोन आठवडे. 7 जून 1610 ला त्याने सगळ्यांना जहाजांत चढवलं. काहींना वस्ती जाळायची होती, ती त्याने जाळू दिली नाही, स्वतः शेवटी चढला. दुसऱ्या दिवशी मलबेरी बेटाजवळ समोरून होडी आली: नवा गव्हर्नर लॉर्ड डी ला वॉर 150 माणसं आणि शिधा घेऊन नदीमुखाशी पोचला होता. सगळे मागे फिरले. काही दिवस आधी निघाले असते, किंवा गेट्सने आग लावू दिली असती, तर जेम्सटाउन कदाचित रोनोक या आधीच्या इंग्रज वसाहतीसारखंच संपलं असतं.

नंतर

ऑगस्ट 1610 मध्ये इंग्रजांनी शेजारच्या पास्पाहेघ गावावर हल्ला केला. माणसं मारली, राणीच्या मुलांना पाण्यात फेकून गोळ्या घातल्या, आणि उभा मका कापून टाकला. नेतृत्व पर्सीकडे होतं. पुढची चार वर्षं हे युद्ध चाललं आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या धान्यावर वार केले.

वसाहतीतलं अन्न सुधारलं ते जमिनीच्या बदलाने. तोवर सगळे एका कोठारासाठी राबत आणि एका कोठारातून खात. सर थॉमस डेल याने 1614 च्या सुमारास जुन्या वसाहतवाल्यांना माणशी तीन एकर मोकळी जमीन स्वतःसाठी कसायला दिली. बदल्यात वर्षाला अडीच पिपं मका कोठारात आणि महिनाभर वसाहतीचं काम. तोपर्यंत पावसानेही साथ द्यायला सुरुवात केली होती, हे विसरून चालणार नाही. वलयांत दिसणारी कोरडी वर्षं 1612 ला संपतात.

1615 मध्ये वसाहतीचा चिटणीस राल्फ हेमर याने लिहिलं की आता काही लहान जमातींचे प्रमुख मक्यासाठी इंग्रजांकडे येतात. आदल्या वर्षी त्यांनी चारशे-पाचशे बुशेल धान्य उसनं नेलं होतं. परतफेडीच्या हमीसाठी त्यांनी आपला सगळा मुलूख गहाण ठेवला होता.